८०८० वर कोण बसलंय?

प्रत्येक प्रोग्रामरला आयुष्यात एकदा तरी भेटलेली एक एरर आहे. कोड बरोबर असतो, कंपाइल झालेला असतो, काल संध्याकाळपर्यंत चालतही होता. आज सर्व्हर सुरू करायला जावं तर स्क्रीनवर येतं, ‘ॲड्रेस ऑलरेडी इन यूज’. म्हणजे तुम्हाला हवी असलेली जागा कुणीतरी आधीच अडवली आहे. कुणी अडवली ते मात्र सांगणार नाही. सरकारी खिडकीवरच्या साहेबासारखं नुसतं ‘होणार नाही’ म्हणायचं आणि खिडकी बंद!

यावर आपल्याकडे दोन सर्वमान्य उपाय आहेत. एक, मशीन रीस्टार्ट करणे. दोन, नेटवर सापडलेली ‘किल’ कमांड डोळे मिटून चालवणे. दोन्हींनी बहुतेक वेळा काम होतं, म्हणून आपण पुढे जातो. पण हे ८०८०, ३०००, ५००० असले आकडे आले कुठून? ते कुणी वाटले? आणि वाटलेच असतील तर मग भांडणं का होतात? हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. शेवटी गेले दोन-तीन वीकेंड जुने आरएफसी (इंटरनेटचे नियम ज्यात लिहिले जातात ती कागदपत्रं) वाचण्यात घालवले. त्यातून कळलं ते असं की ही भांडणं जवळजवळ इंटरनेटइतकीच जुनी आहेत. पन्नास वर्षांत ती मिटवायचे चार वेगवेगळे मार्ग काढले गेले आणि आपल्या लॅपटॉपवर त्यातला एकही पूर्णपणे पोचलेला नाही.

आधी मूळ मुद्दा थोडक्यात. (जाणकारांनी हा परिच्छेद गाळला तरी चालेल.) आयपी ॲड्रेस म्हणजे मशीनचा पत्ता. पण एका मशीनवर वेब सर्व्हर, डेटाबेस, मेल असे दहा प्रोग्राम एकाच वेळी चालू असतात. आलेलं पाकीट त्यातल्या नेमक्या कुणाला द्यायचं, हे कळायला पाकिटावर पोर्ट नंबर असतो. टीसीपीत त्यासाठी १६ बिट ठेवलेत, म्हणून ० ते ६५५३५. सर्व्हर प्रोग्राम सुरू होताना ऑपरेटिंग सिस्टिमला सांगतो, ‘अमुक नंबर माझा’. याला म्हणतात बाइंड करणं. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, अगदी तसंच. पहिला रुमाल ज्याचा, जागा त्याची. दुसऱ्याला वरची एरर. त्या जागेवर खरा हक्क कुणाचा याच्याशी ऑपरेटिंग सिस्टिमला काही देणंघेणं नसतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर पहिला मार्ग, यादी करणे.

अर्पानेट १९६९ साली सुरू झालं. तेव्हा टीसीपी नव्हतं, एनसीपी नावाचा प्रोटोकॉल होता, आणि पोर्टच्या जागी ‘सॉकेट नंबर’ असत. कुठल्या विद्यापीठाच्या यंत्रावर कुठली सेवा कुठल्या नंबरवर मिळते याची एकत्र नोंद कुणाकडे नव्हती. मार्च १९७२ मध्ये व्हिंट सर्फ आणि जॉन पोस्टेल यांनी आरएफसी ३२२ काढला. त्यात सगळ्यांना विनंती होती, की बाबांनो, तुम्ही कुठले नंबर वापरताय ते कळवा. दोनच महिन्यांनी, मे १९७२ मध्ये, पोस्टेल यांनी आरएफसी ३४९ लिहिला. जेमतेम एक पान. त्यात त्यांनी सुचवलं की हे नंबर वाटायला एक ‘झार’ असावा. आणि लगेच कंसात, प्रश्नचिन्ह टाकून, स्वतःचंच नाव पुढे केलं. म्हणजे ‘मी चालेन का?’ अशा सुरात! तेव्हा ते यूसीएलएमध्ये पीएचडी करत होते आणि वय होतं २८. (माझ्या आसपासचं. आम्ही या वयात जिराची तिकिटं बंद करतो. असो.)

त्या एका पानात वाटपही होतं. ० ते ६३ हे नंबर सगळ्या नेटवर्कसाठी समान. ६४ ते १२७ ज्या त्या यंत्राच्या खास सेवांसाठी. १२८ ते २३९ भविष्यासाठी राखून ठेवलेले. आणि २४० ते २५५ प्रयोगांसाठी. म्हणजे आज आपण ज्याला ‘डेव्ह पोर्ट’ म्हणतो त्यांची ही पहिली वस्ती, एकूण नंबर १६. आज माझ्या लॅपटॉपवर सकाळी नुसता आयडीई, दोन डेटाबेस आणि मायक्रोसर्व्हिसेस उघडल्या की १६ नंबर पुरणार नाहीत.

त्याच पानावर टेलनेटला १, फाइल ट्रान्सफरला ३, रिमोट जॉब एन्ट्रीला ५, एकोला ७ आणि डिस्कार्डला ९ दिले होते. सगळे विषम, हे लक्षात आलं का? एनसीपीत एक कनेक्शन एकाच दिशेने चालायचं. दोघांना बोलायचं तर दोन कनेक्शनं लागायची. सम नंबर घ्यायचा, विषम नंबर पाठवायचा. पहिली ओळख सर्व्हरच्या पाठवणाऱ्या बाजूने व्हायची, म्हणून जाहीर केलेला नंबर विषम. १ जानेवारी १९८३ ला अर्पानेट टीसीपीवर गेलं आणि या जोडीची गरज संपली, कारण टीसीपीचं एकच कनेक्शन दोन्हीकडून चालतं. पण सवय राहिली. एफटीपी २१, टेलनेट २३, एसएमटीपी २५, टाइम ३७, फिंगर ७९. आपण मुलाखतीसाठी घोकलेले हे आकडे विषम का, याचं उत्तर १९७० च्या दशकातल्या त्या एकेरी कनेक्शनात आहे.

त्या सवयीचा फायदा पुढे एका फिनिश माणसाला झाला. हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठात पासवर्ड चोरीचा प्रकार झाल्यावर १९९५ मध्ये तातू इलोनेन यांनी एसएसएच लिहिलं. त्यांना टेलनेट आणि एफटीपी दोघांची सुट्टी करायची होती. एक २३ वर, दुसरा २१ वर. मधला २२ रिकामा! १० जुलै १९९५ रोजी त्यांनी नंबर मागणारी ईमेल टाकली. फॉर्म नाही, फी नाही, कमिटी नाही. दुसऱ्या दिवशी जॉइस रेनॉल्ड्स यांचं उत्तर आलं, की २२ तुमच्या नावावर केला आहे. आज जगातल्या जवळपास प्रत्येक सर्व्हरवर वापरला जाणारा नंबर असा एका दिवसात मिळाला.

रेनॉल्ड्स या पोस्टेल यांच्या सहकारी. पोस्टेल १९७७ पासून सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या एका संशोधन संस्थेत होते आणि नंबर वाटायच्या त्यांच्या कामाला पुढे ‘आयाना’ असं भारदस्त नाव मिळालं. पण काम मूळचंच. कुणी मागितला तर बघायचं, रिकामा असला तर द्यायचा, वहीत लिहून ठेवायचा. ती वही ‘असाइन्ड नंबर्स’ या नावाने आरएफसी म्हणून वरचेवर छापली जायची. शेवटची आवृत्ती ऑक्टोबर १९९४ ची, आरएफसी १७००. त्यानंतर यादी ऑनलाइन ठेवली जाऊ लागली. १६ ऑक्टोबर १९९८ ला पोस्टेल गेले. दुसऱ्या दिवशी व्हिंट सर्फ यांनी त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला आणि तोही आरएफसी म्हणून, नंबर २४६८. १९७२ मध्ये कंसात विचारलेल्या त्या प्रश्नाला ‘हो’ असं औपचारिक उत्तर कुणी दिलं असेल-नसेल, पण माणसाने २६ वर्षं ते काम केलं.

आता यात एक गोम आहे. ही यादी पाळलीच पाहिजे असं कुठेच नाही. एसटीत सीटच्या वर ‘राखीव’ असं रंगवलेलं असतं, पण खाली कोण बसलाय हे बघायला कंडक्टर येईलच असं नाही. इथे तर कंडक्टरच नाही. यादीत ३००० हा नंबर ‘एचबीसीआय’ या जर्मन होम बँकिंगच्या प्रोटोकॉलच्या नावावर आहे. ४२०० पासूनचे शंभर नंबर व्हीआरएमएल नावाच्या थ्रीडी तंत्रासाठी घेतलेले आहेत. ८००० समोर इंटेलच्या रिमोट डेस्कटॉप मॅनेजमेंटची नोंद आहे. प्रत्यक्षात ३००० म्हटलं की आपल्याला रेल्स आणि रिॲक्ट आठवतं, ४२०० म्हणजे अँग्युलर आणि ८००० म्हणजे जँगो. मूळ मालकांची आठवण कुणाला नाही.

दुसरा मार्ग बर्कलीवाल्यांनी काढला. ज्याच्याकडे अधिकार, त्यालाच जागा.

१९८३ मध्ये बीएसडी युनिक्सची ४.२ आवृत्ती आली. आज आपण वापरतो ते सॉकेट, बाइंड, लिसन सगळं तिथलं. त्यात एक नियम होता, १०२४ च्या खालचे पोर्ट फक्त रूटला. कारण त्या वेळच्या परिस्थितीत शहाणपणाचं होतं. एका मोठ्या मशीनवर पन्नास विद्यार्थी लॉगिन करायचे. त्यातल्या एखाद्याने २३ वर खोटा टेलनेट बसवला तर सगळ्यांचे पासवर्ड त्याच्या खिशात. शिवाय आरलॉगिन, आरएसएच यांसारखी साधनं समोरून १०२४ खालच्या पोर्टवरून कनेक्शन आलं की ‘म्हणजे तिकडच्या रूटनेच पाठवलं असणार’ असं मानून विश्वास ठेवायची. पुढे प्रत्येकाच्या टेबलावर स्वतःचा पीसी आला, प्रत्येकजण आपल्या मशीनचा रूट झाला आणि हा विश्वास पोकळ ठरला. नियम मात्र बराच काळ तसाच राहिला.

आणि त्या नियमाचं अपत्य म्हणजे आपला ८०८०.

वेबला ८० नंबर मिळाला, तो जुलै १९९२ च्या आरएफसी १३४० मध्ये छापलेला दिसतो. (यादीत २७८४ वर ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेव्ह’ अशीही एक नोंद आहे. वेबच्या डेव्हलपमेंटसाठी अधिकृत नंबर! तुम्ही कधी वापरलाय? मीही नाही.) पण ८० हा १०२४ च्या खालचा. विद्यापीठातल्या विद्यार्थ्याला स्वतःचा वेब सर्व्हर चालवून बघायचा तर रूटचा पासवर्ड कोण देणार? मग लोक ८० ची आठवण राहील असे वरचे नंबर घेऊ लागले, ८०००, ८००१, ८०८०. त्यातल्या ८०८० ची तर पुढे ‘पर्यायी एचटीटीपी’ म्हणून यादीत नोंदही झाली. थोडक्यात, परवानगी नसलेल्यांनी बाहेर पायरीवर मांडलेलं दुकान म्हणजे ८०८०.

गंमत अशी की पायरीवरची जागा सगळ्यांनाच आवडली. १९९९ मध्ये सनने टॉमकॅट अपाचे संस्थेला दिलं, त्याचा डिफॉल्ट ८०८०. जेबॉस ८०८०. ग्लासफिश ८०८०. २००२ च्या सुमारास ओरॅकल ९आय रिलीज २ मध्ये एक्सएमएल डीबी आलं आणि डेटाबेसने स्वतःचा एचटीटीपी दरवाजा उघडला, तोही ८०८० वर. पुढे फुकट मिळणारी ओरॅकल एक्सई आली, तिचं वेब पान पुन्हा ८०८०. हडसन आणि त्यातून निघालेलं जेन्किन्स, ८०८०. यातलं प्रत्येक सॉफ्टवेअर आपापल्या सर्व्हरवर एकटं असतं तेव्हा काहीच अडचण नाही. अडचण फक्त एका ठिकाणी होते, जिथे हे सगळे एका छताखाली येतात. म्हणजे डेव्हलपरच्या मशीनवर!

माझ्या पिढीतल्या इंजिनिअरिंगच्या पोरांनी हे कॉलेजच्या लॅबमध्ये अनुभवलंय. डीबीएमएसच्या प्रॅक्टिकलसाठी ओरॅकल एक्सई, जावाच्या प्रॅक्टिकलसाठी टॉमकॅट, मशीन एकच. सोमवारची बॅच ओरॅकल टाकून जायची आणि मंगळवारच्या बॅचचा टॉमकॅट उठायचा नाही. टॉमकॅटच्या पानाऐवजी ब्राउझरमध्ये ओरॅकल पासवर्ड मागत उभं! त्यावर एक ओळीचं औषध आहे. टॉमकॅटच्या सर्व्हर डॉट एक्सएमएल फाइलमध्ये ८०८० चं ८०८१ करायचं, किंवा ओरॅकलच्या डीबीएमएस एक्सडीबी पॅकेजमधली पोर्ट बदलायची प्रोसिजर चालवायची. पण त्या वेळी सगळे ओरॅकलची सर्व्हिस बंद करायचे आणि मग बुधवारची बॅच बोंबलायची.

त्याच काळात पीएचपीवाल्यांचा वेगळा वैताग होता, स्काइप. (मे २०२५ मध्ये ते बंद झालं.) कंपन्यांच्या फायरवॉलमधून हमखास मोकळे असतात ते ८० आणि ४४३, म्हणून येणाऱ्या कनेक्शनसाठी पर्याय म्हणून स्काइप तेच दोन नंबर धरून बसायचं. मग झॅम्पमधला अपाचे उठायचा नाही. गप्पांच्या प्रोग्रामने वेब सर्व्हर का अडवावा, हे नवख्या पोराला कळणार कसं?

तिसरा मार्ग सगळ्यात शहाणा होता. नंबर पाठ करायचेच कशाला, नाव विचारा.

सनने १९८० च्या दशकात आरपीसीसाठी पोर्टमॅपर आणला. सर्व्हिसने मिळेल तो रिकामा पोर्ट घ्यायचा आणि १११ वर बसलेल्या पोर्टमॅपरकडे नोंद करायची. क्लायंट आधी १११ ला विचारणार, अमुक सेवा कुठे आहे? नोव्हेंबर १९८८ च्या आरएफसी १०७८ मध्ये तर आणखी सोपी कल्पना आहे. सगळ्यांनी पोर्ट १ वर यायचं, हव्या त्या सेवेचं नाव सांगायचं, की तो जोडून देणार. १९९६ मध्ये डीएनएसमध्ये एसआरव्ही रेकॉर्ड आलं, त्यात नावाबरोबर पोर्टही मिळतो. हे सगळीकडे रुजलं असतं तर पोर्टचं भांडण जवळपास संपलं असतं. पण ब्राउझरनी वेबसाठी एसआरव्ही कधी वापरलंच नाही. ‘पत्ता टाका, नंबर ८० समजू’ यापेक्षा सोपं काही नव्हतं, आणि सोपं जिंकलं.

चौथा मार्ग अलीकडचा, प्रत्येकाला स्वतंत्र घर. गूगलच्या अंतर्गत बोर्ग यंत्रणेत एका मशीनला एकच आयपी होता, त्यामुळे त्यावरच्या सगळ्या कामांना पोर्ट वाटून घ्यावे लागत. त्याचा त्रास त्यांनी २०१५ च्या पेपरमध्ये स्पष्ट लिहिलाय. त्यातून शिकून कुबरनेटिसमध्ये प्रत्येक पॉडला स्वतःचा आयपी दिला. आता शंभर पॉड ८०८० वर बसू देत, कुणी कुणाच्या मांडीवर नाही. डॉकरचंही तेच. पण कंटेनरमधलं ॲप लॅपटॉपवरून बघायचं तर त्याचा पोर्ट बाहेर, होस्टवर काढावा लागतो. आणि बाहेर परत तीच एक एसटी, तेच रुमाल!

२०२१ च्या शेवटी याचं मोठं उदाहरण घडलं. ऑक्टोबरमध्ये मॅकची मॉन्टेरे आवृत्ती आली. त्यात एअरप्ले रिसीव्हर ही सोय होती आणि ती ५००० आणि ७००० या पोर्टवर बसायची. ५००० हा फ्लास्कचा २०१० पासूनचा डिफॉल्ट. अपग्रेड केलेल्या पायथॉनवाल्यांना सकाळी एकतर बाइंडची एरर, नाहीतर ब्राउझरमध्ये नुसताच ४०३. पोर्टवर कोण आहे बघावं तर ‘कंट्रोल सेंटर’ असं नाव. लोकांना वाटलं व्हायरस आला! त्याला किल केलं तर तो परत उठतो, कारण तो ऑपरेटिंग सिस्टिमचाच भाग. खरा उपाय म्हणजे शेअरिंगच्या सेटिंगमध्ये जाऊन एअरप्ले रिसीव्हर बंद करणे किंवा आपला पोर्ट बदलणे. आता फ्लास्कची एररच तुम्हाला हे सांगते. बरं, हक्क कुणाचा? यादीत ५००० ना फ्लास्कच्या नावावर आहे, ना एअरप्लेच्या. तिथे ‘कॉमप्लेक्स-मेन’ अशी तिसऱ्याच कुणाची नोंद आहे.

याच्या उलट वागणंही बघायला मिळतं. व्हीट या फ्रंटएंड टूलने जुलै २०२२ मधल्या तिसऱ्या आवृत्तीत स्वतःहून ३००० सोडला आणि ५१७३ घेतला, का तर इतरांशी टक्कर नको. डॉट नेट ६ पासून नवा वेब प्रोजेक्ट बनवला की एचटीटीपीला ५००० ते ५३०० मधला एखादा नंबर चिठ्ठी काढल्यासारखा मिळतो. रेडिसचा ६३७९ तर ‘मर्झ’ हे नाव फोनच्या कीपॅडवर दाबून काढलेला आहे. असा नंबर दुसऱ्या कुणाला सुचायची शक्यता कमीच. :)

आता हे सगळं वाचून हातात काय पडलं? माझ्यापुरतं इतकं, की पोर्टवर मालकी नसते, नुसती वहिवाट असते. म्हणून एरर आली की किल मारायच्या आधी रुमाल कुणाचा हे बघायचं. त्यात किती फरक पडतो याचा एक प्रसंग सांगतो. आमच्या एका प्रोजेक्टवर सगळ्या टीमला मिळून एकच लिनक्स सर्व्हर होता आणि सगळे एकाच कॉमन अकाउंटने लॉगिन करायचे. एका सकाळी एकाचं ॲप उठेना. त्याने पोर्टवर जी प्रोसेस सापडली ती किल मायनस नाइनने उडवली. तो होता आमच्या टेस्टर ताईंचा एसएसएच टनेल, त्यावरून रात्रभर डेटा लोड चालला होता. अकरा तासांचं काम गेलं. ताई फक्त एवढंच म्हणाल्या, “अरे, विचारायचं तरी होतंस रे!” आणि दुपारी त्यांनी टीमच्या विकीवर एक पान बनवलं. पोर्ट, कुणाचा, कशासाठी, कधीपर्यंत. नियम नाही, शिक्षा नाही, नुसतं पान. त्यानंतर त्या सर्व्हरवर पोर्टवरून भांडण झालं नाही. आरएफसी ३४९ वाचताना मला हे पान आठवलं. ताईंनी पोस्टेल यांचं नावही ऐकलं नसेल, पण काम तेच केलं.

तर बघायचं कसं? विंडोजवर ‘नेटस्टॅट’ला ए, एन, ओ हे तीन स्विच लावले की प्रोसेसचा नंबर मिळतो, टास्क मॅनेजरमध्ये त्याचं नाव. लिनक्सवर ‘एसएस’, मॅकवर ‘एलएसओएफ’. त्यानंतर पाचपैकी एक गोष्ट निघते.

१. आपलाच जुना सर्व्हर, नीट बंद न झालेला. याला खुशाल मारा.

२. दुसरं टूल किंवा दुसऱ्याचं काम. इथे किल नको. ज्याचा पोर्ट बदलणं सोपं आणि ज्याच्यावर कमी लोक अवलंबून, त्याने सरकायचं. आणि बदललेला नंबर कोडमध्ये नको, कॉन्फिगमध्ये.

३. ऑपरेटिंग सिस्टिमची सेवा, एअरप्लेसारखी. सेटिंगमधून बंद करा किंवा तुम्ही हला.

४. कुणीच बसलेलं नाही तरी जागा मिळत नाही. याची दोन कारणं असतात. एक म्हणजे टाइम-वेट. कनेक्शन बंद झाल्यावरही टीसीपी काही काळ रुमाल उचलत नाही, कारण जुन्या कनेक्शनचं रेंगाळलेलं पाकीट नव्याला मिळायला नको. मूळ आरएफसी ७९३ च्या हिशेबाने हा काळ चार मिनिटं होतो, लिनक्सवर एक मिनिट असतो. म्हणून सर्व्हर लिहिणारे ‘रीयूज ॲड्रेस’चा पर्याय लावतात. दुसरं कारण विंडोजचं. हायपर-व्ही चालू असेल तर विननॅट पोर्टचे गठ्ठेच्या गठ्ठे राखून ठेवतं. नेटस्टॅटमध्ये काही दिसत नाही आणि एरर येते १००१३, परवानगी नाही म्हणून. ‘नेटएसएच’मध्ये वगळलेल्या पोर्टची यादी बघायची सोय आहे, तिथे तुमचा नंबर सापडेल. विननॅट सर्व्हिस बंद करून परत चालू केली की बहुतेक वेळा तो सुटतो.

५. दोघे एकाच नंबरवर आणि एरर कुणालाच नाही! एकजण १२७.०.०.१ वर, दुसरा आयपीव्ही६ च्या ::१ वर. ‘लोकलहोस्ट’ म्हटल्यावर ब्राउझर यातल्या कुणाकडेही जाऊ शकतो. कोड बदलला तरी जुनंच पान दिसतंय, असं झालं तर हे तपासा.

शेवटी एक गोष्ट सांगून थांबतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये डॉट नेट ८ आलं तेव्हा मायक्रोसॉफ्टने आपल्या कंटेनरचा डिफॉल्ट पोर्ट ८० वरून बदलला, कारण ॲप रूट म्हणून चालवायचं नाही असं ठरलं होतं. नवा नंबर कुठला घेतला? ८०८०. बर्कलीचा १९८३ चा नियम, त्यावर विद्यार्थ्यांनी शोधलेली पळवाट, आणि तीस वर्षांनी त्याच कारणासाठी तोच आकडा. तेव्हा पुढच्या सोमवारी ‘ॲड्रेस ऑलरेडी इन यूज’ दिसलं तर चिडू नका. रांगेत तुमच्या पुढे बरीच मोठी मंडळी उभी आहेत.